मागल्या अंगाचं पाणी

येसूबाई स्वयंपाकघरात शिरताना वाकायच्या. दार चांगलं उंच, बाई ठेंगणी, डोक्याला लागेल असं वर काहीही नाही. तरी उंबऱ्याशी आल्या की मान खाली जायची, हात कपाळापुढं यायचा आणि मगच पाऊल आत पडायचं. त्यांच्या लेकीला, आम्रपालीला, आधी वाटलं की म्हातारपणानं पाठ वाकली असेल. मग एक दिवस तिनं नीट पाहिलं. अंगणातून सोप्यात येताना आई ताठ. सोप्यातून स्वयंपाकघरात जाताना वाकते, आणि आत गेली की पुन्हा ताठ. पाठीचं दुखणं काही दार बघून येत नाही.

शिवाय सोप्याच्या मधोमध काहीतरी होतं. म्हणजे काहीच नव्हतं, मोकळी शहाबादी फरशी होती. पण येसूबाई तिथून सरळ कधी जात नसत. वळसा घालत, आणि वळताना एक हात पुढं करून कशाला तरी धरत. बोटं हवेत मिटायची. ती मिटलेली बोटं पाहून आम्रपालीच्या अंगावर काटा यायचा, आणि ही बाई काही उठसूट काटा येणाऱ्यांपैकी नव्हती.

ती कराडच्या एका महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवायची. चाळिशी ओलांडलेली, आवाजाला खणखणीत, स्कूटीच्या डिकीत हातोडा आणि होकायंत्र घेऊन फिरणारी. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर ती त्याला दगडांची नावं सांगत बसायची. विचारणारा आपोआप उठून जायचा. मुलं तिला पाठीमागं ‘बाणवाल्या मॅडम’ म्हणत. नकाशा कितीही सुबक काढलेला असो, त्यावर उत्तरेचा बाण नसला की बाई तो तसाच परत करायच्या. “हे चित्र झालं. घरी भिंतीवर लाव. नकाशाला आधी आपलं तोंड कुठं आहे ते ठाऊक पाहिजे.” आणि बाण असला तरी लगेच उत्तर शोधायला लागलं की दुसरं बोलणं बसायचं. “आधी पाणी बघ. ओढा कुठनं कुठं वाहतो ते बघ. ते कळल्याशिवाय नकाशातला डोंगर कुठला आणि खड्डा कुठला, हेसुद्धा तुला कळायचं नाही.” हा बाण आणि हे पाणी, दोन्ही पुढं तिच्याच अंगाशी येणार होतं.

नकाशाचं वेड तिला पुस्तकातून लागलं नव्हतं. ती जन्मली पाटणच्या वरच्या खोऱ्यात, आता धरणाच्या पाण्याखाली असलेल्या एका गावाच्या बौद्धवस्तीत. लहान असताना तिथं तिपाईवरच्या दुर्बिणी घेऊन माणसं आली आणि डोंगराच्या दगडांवर पांढरे पट्टे मारत गेली. पट्टे सगळे एकाच उंचीवर. ओढ्यापाशी रांग आत वळलेली, डोंगराच्या सोंडेपाशी बाहेर आलेली. पोरं त्या पट्ट्यांवर उड्या मारत खोरंभर फिरली. संध्याकाळी तिच्या वडिलांनी, राजारामनं, तिला सांगितलं, “ह्या रंगाच्या खाली जेवढं हाय, तेवढं पान्यात जानार.” आम्रपालीनं वळून पाहिलं. घर खाली. शाळा खाली. विहार खाली. समोच्च रेषा म्हणजे काय हे बाकीच्यांना नववीच्या भूगोलात कळतं. तिला ते असं कळलं, आणि पुढं जन्मभर कुठलीही समोच्च रेषा पाहिली की तिचं लक्ष आधी रेषेच्या खाली जायचं.

गाव उठलं. त्यांना घर मिळालं ते सागरेश्वरच्या डोंगराच्या पाठीमागं, कडेगावच्या अंगाला, सोनहिरा ओढ्याच्या खोऱ्यात. आखून दिलेल्या ओळी, सगळी घरं एका तोंडाची, सगळ्यांच्या मागं डोंगर. आम्रपाली वसतिगृहात राहून शिकली, तिचा धाकटा भाऊ नागसेन सैन्यात गेला, राजाराम त्या परक्या मातीतच गेले. घरात उरल्या येसूबाई, आणि नोकरी लागल्यावर रोज कराडला जाऊन येऊन करणारी लेक.

मग गेल्या उन्हाळ्यात येसूबाई लेकीला ‘बाई’ म्हणायला लागल्या. “बाई, जेवून जा.” “बाई, तुमी कुठल्या?” सांगलीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, फिल्म उजेडाला धरली आणि हळू आवाजात म्हणाले, “स्मृतिभ्रंश.”

दुसरी कुणी असती तर तिथंच रडली असती. आम्रपालीला त्या शब्दाचं शेपूटच तेवढं ऐकू आलं. भ्रंश. तिचा रोजचा शब्द. एसटीनं परत येताना ती खिडकीतून बघत तोच घोळवत बसली. जमिनीला तडा जातो, तड्याच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकतात, त्याला तिच्या शास्त्रात भ्रंश म्हणतात. नकाशावर एखादा थर छान चालत येतो आणि एका रेषेपाशी चटकन तुटतो. नवखं पोर म्हणतं, मॅडम, इथं संपला. संपलेला नसतो. सरकलेला असतो. कुठल्या अंगाला आणि किती, एवढं काढलं की रेषेपलीकडं तोच थर पुढं चालू असलेला सापडतो. हे तिनं वीस वर्षं शिकवलं होतं. आई संपलेली नाही, ती सरकलीय, असं त्या एसटीत तिनं ठरवून टाकलं. तेवढ्यावरच ती पुढचे महिने उभी राहिली.

पुढच्याच रविवारी तिनं आलेख कागद काढला आणि सोप्याच्या कोपऱ्यात बसली. आई जिथं वाकली तिथं रेघ. जिथं वळसा घातला तिथं टिंब. भिंतीत कोनाडा नसताना जिथं हात घालून काडेपेटी चाचपली तिथं फुली. रविवारमागून रविवार गेले आणि कागदावर हळूहळू घर उमटायला लागलं. या नव्या घराच्या पोटात, दाराला दार लावून बसलेलं जुनं घर. छप्पर पेलणारी मधली मेढ, लाकडी खांब. ठेंगणा दरवाजा. चुलीची जागा. माळ्याची शिडी. मातीच्या पोटातला खडक ठिकठिकाणी उघडा पडतो, तेवढ्यावरून आतला सगळा आकार ताडायचा, हेच तर तिचं काम. पण आजवर तिनं ताडलेले खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेले होते. हा थर अजून ऊन होता, आणि दिवसभर तिच्या घरात फिरत होता.

आणि तो पसरायला लागला. येसूबाईंची उठबस करायला शेजारची दीपमाला यायची. हसरी, तोंडाळ, कशालाही न भिणारी. एकदा हातात पाण्याची बादली घेऊन ती सोप्यातून गेली आणि मधोमध वळसा घालून गेली. आम्रपालीनं विचारलं, “आगं, सरळ का न्हाई गेलीस?” दीपमाला थबकली. फरशीकडं बघितलं, बादली खाली ठेवली. “काय की वो म्याडम. मावशी रोज वळत्यात, मला बी सवं लागली आसंल.” असं म्हणून ती हसली, पण बादली उचलून पुन्हा निघाली ती भिंतीकडेनं.

दिवाळीत नागसेन रजेवर आला. सहा फुटी गडी, सुभेदार झालेला, बर्फात राहून रापलेला. त्याला कागदाबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. ट्रंक ठेवली, आईच्या पाया पडला आणि पाणी प्यायला आत गेला. जाताना मान खाली घातली, हात कपाळापुढं धरला.

“का वाकलास रं?” आम्रपालीनं विचारलं.

“कवा?” तो म्हणाला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मग त्यानं चौकट वरपर्यंत पाहिली, हात लावून पाहिली, आणि त्या संध्याकाळपासून रजा संपेपर्यंत तो अंगणात बसून जेवला. सीमेवर उभा राहणारा माणूस स्वतःच्या घरातल्या दाराला भ्याला, हे तो कुणाला सांगणार होता?

येसूबाई मात्र मजेत होत्या. दुपारी फरशीवर आडव्या व्हायच्या, कान जमिनीला लावायच्या आणि डोळे मिटून ऐकत राहायच्या.

“काय ऐकतीस आये?”

“खाली कुनीतरी दळतंय.”

पाटणच्या खोऱ्यात जमीन हलायच्या आधी घरघर यायची. वस्तीतल्या बायका त्याला ‘जातं फिरलं’ म्हणायच्या. जातं फिरलं की पोरं काखेत मारून अंगणात पळायच्या. इथं, एवढ्या लांब, तसलं काही नव्हतं. आम्रपालीनं स्वतः कान लावून पाहिला. थंडगार फरशी, आपल्याच रक्ताचा आवाज. “कोण दळतंय गं?” तिनं विचारलं. येसूबाईंनी तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की एवढंही कसं समजत नाही या बाईला.

“आमीच की,” त्या म्हणाल्या.

त्या ‘आमीच’नं आम्रपालीला कितीतरी दिवस नीट झोप आली नाही. ती विद्यार्थ्यांना तांबड्या थरांबद्दल सांगायची तेव्हा आता तोंड फळ्याकडं फिरवायची. आपल्या भागाचा भूगर्भ नकाशा पोरांना कंटाळवाणा वाटतो, कारण आख्खा कागद एकाच हिरव्या रंगाचा. लाव्ह्यावर लाव्हा, आडवे, भाकरीच्या चवडीसारखे. पण दोन लाव्ह्यांच्या मधे कुठंकुठं बारीक तांबडी रेघ असते. ती रेघ म्हणजे एकेकाळची उघडी जमीन. तिच्यावर ऊन पडलं, पाऊस पडला, तिची माती झाली, आणि मग वरून पुढचा लाव्हा आला नि माती विटेसारखी भाजून आत गाडली गेली. “प्रत्येक तांबडी रेघ कुणाचं तरी अंगण होतं म्हणायला हरकत नाही,” असं ती पूर्वी गंमतीनं सांगायची. पाणी त्या भाजक्या मातीतून खाली उतरत नाही, म्हणून तिच्या डोक्यावरून झरे फुटतात. तिच्या जुन्या घराच्या मागंही असा झरा होता. वस्ती त्याला ‘तांबडी’ म्हणायची. बारा महिने पाणी. येसूबाईंची उभी जिंदगी त्या तांबडीवर कळशी भरण्यात गेली होती.

डिसेंबरातल्या एका ढगाळ दुपारी आम्रपाली प्रात्यक्षिकाचे नकाशे तपासत होती. बाण नसलेला एक कागद तिनं नुकताच परत केला होता, तेवढ्यात फोन वाजला. दीपमाला होती, आणि आवाजात हसू नव्हतं.

“म्याडम, मावशी घरात न्हाईत.”

“म्हंजे?”

“मी भांडी घासत हुतो. त्या म्हनल्या, मागं जाऊन येतो. मला वाटलं परसाकडं निघाल्या. म्हनलं जावा. लय येळ झाला म्हनून बघाया गेलो, तर संडासाची कडी बाहेरनं तशीच. समदी गल्ली धुंडाळली वो. आन् कळशी बी न्हाई जाग्यावर.”

मागं जाऊन येतो. या भागात बाईमाणसानं असं म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. दीपमालेची काय चूक? पायाखालची जमीन सरकणं हे ज्या बाईच्या पोटापाण्याचं काम, तिच्या पायाखालून ती आज खरोखर सरकली. कशीबशी स्कूटी काढली. वाटेत डोकं एकाच गोष्टीला धरून होतं: कळशी. म्हणजे पाणी. म्हणजे तांबडी. आई तांबडीला गेलीय, जुन्या घरातून ती जिकडं होती तिकडं.

वसाहतीत पोचल्या पोचल्या तिनं फोनवर जुन्या खोऱ्याचा नकाशा उघडला. धरणाआधीचा, तिनं हौसेनं मिळवलेला, त्यावर घराचं आणि झऱ्याचं टिंब स्वतः लावलेलं. घरापासून झरा सरळ पश्चिमेला, हाकेच्या अंतरापेक्षा थोडा लांब. ती दारात उभी राहिली, होकायंत्र तळहातावर धरलं, सुई थरथरून थांबली, आणि ती पश्चिमेला पळाली.

पश्चिमेला, शेजारीच रान असलेल्या धनाजीचा ऊस. पल्याडच्या कापलेल्या रानात कुणीतरी पाचट पेटवलेलं, त्याचा धूर वाऱ्याअभावी उसाच्या शेंड्यांवर बसून राहिलेला. धनाजी बांधावर होता. सगळं ऐकून त्यानं डोक्याचा टॉवेल काढला.

“इकडं न्हाई दिसली म्हातारी. पर ऊस आसा हाय की आत हत्ती शिरला तरी दिसायचा न्हाई. तुमी ह्या सरीनं जावा, मी पल्याडनं गडी घेऊन येतो.”

ती आत शिरली आणि चार पावलांत उजेड कमी झाला. पात्यांनी तोंड, हात कापायला लागले. धूर वर, खाली ओल, आणि वारा नसताना कुठंतरी पाला सळसळतोय. ती थांबली की सळसळ थांबायची. ती चालली की बाजूच्या सरीत कुणीतरी चालायचं. आपलाच आवाज आहे हे तिला कळत होतं, तरी मान वळवायचा धीर होत नव्हता.

“आये!”

पाला गप्प झाला. आणि तिच्या डाव्या खांद्यामागून, बरंच लांबून, कुणीतरी म्हणालं, “...ये.”

आवाज बाईचा होता. तिनं पुन्हा हाक मारली, “आये!” आणि पुन्हा मागून, शांतपणे, घाई नसल्यासारखं, “...ये.” बोलावत होतं कुणीतरी. उसात उभ्या उभ्या तिला वाटलं, ही खालची आहे, दळणारी. मग दुसरं एक मन, पगार घेणारं, म्हणालं: प्रतिध्वनी आहे. म्हणजे मागं कुठंतरी उभा कडा पाहिजे. मागं कडा कुठं आहे?

तिनं खाली पाहिलं. सरीतून पाटाचं पाणी येत होतं, तिच्या डाव्या अंगानं उजव्या अंगाला, दक्षिणेकडून उत्तरेला. डोंगराकडून ओढ्याकडं. आधी पाणी बघ. वीस वर्षं पोरांना हेच तर बजावत आलो!

आणि मग तिला आपला आलेख कागद डोळ्यांपुढं दिसला. दार, मेढ, चूल, कोनाडा, सगळं जागच्या जागी. त्यावर उत्तरेचा बाण नव्हता. बाणवाल्या मॅडमनी स्वतःच्या आईच्या घराचा नकाशा काढला आणि बाण काढायचा विसरल्या. काढला असता तर त्याच दिवशी दिसलं असतं. जुन्या घराचं दार पूर्वेला होतं, कारण तिथं पाणी पूर्वेला वाहायचं. या घराचं दार उत्तरेला आहे. आईनं आपलं घर नुसतं सरकवून आणलं नव्हतं, दाराला दार जुळवताना फिरवून आणलं होतं. तिथली पश्चिम इथं दक्षिणेला आली होती. येसूबाईंना पूर्व-पश्चिमेशी कधी देणंघेणं नव्हतं. त्यांना दोनच दिशा ठाऊक होत्या: दारापुढं आणि मागं. आणि त्या स्वच्छ सांगून गेल्या होत्या, मागं जाऊन येतो.

घराच्या मागं डोंगर. डोंगराच्या कुशीत जुनी दगडाची खाण. वसाहत नवी होती, नळ नव्हते, तेव्हा बायका त्या खाणीत पाझरणारं पाणी भरायच्या. आम्रपाली तेव्हा वसतिगृहात, तिनं ते फक्त ऐकलेलं. खाण बंद होऊन वर्षं लोटली. आता तिच्यात पाणी साठलेलं, आणि त्याला तळ लागत नाही म्हणतात.

ती जशी जिवाच्या आकांतानं पळाली तशी जन्मात पळाली नव्हती. घरं मागं पडली, करवंदीच्या जाळ्या, खाणीचा ढासळलेला बांध, आणि समोर एकदम उभा काळा कडा. कड्याच्या बुडाशी, आडवी, हातभर जाड तांबडी रेघ. तिच्या डोक्यावरून पाणी पाझरत होतं. अगदी तसंच. जी तांबडी धरणाच्या पाण्याखाली गेली असं तिनं मानलं होतं, ती इथं कड्यातून बाहेर आली होती, आणि वरचा धूर खाणीच्या पाण्यात उतरल्यामुळं पाणी कुठं सुरू होतं तेच समजत नव्हतं.

पूर्वी ट्रक ज्या उतारानं खाली जायचे तो रस्ता अजून होता. सरळ जायचा आणि पाण्यात शिरायचा. त्या रस्त्यानं येसूबाई घरी निघाल्या होत्या. त्या पाझराखाली तास-दीड तास धरून भरलेली कळशी कमरेवर, दुसरा हात ओचा सावरायला, नजर समोर खाली. घर खालीच तर होतं. पाणी घोट्याला लागलेलं. त्या न थांबता पुढं गेल्या. गुडघ्याला लागलं.

“आये” ही हाक आम्रपालीच्या ओठांवर आली आणि तिनं ती गिळली. आये म्हटलं की कडा “ये” म्हणणार, आणि आई त्या ‘ये’कडं जाणार. शिवाय ‘आये’ म्हणणारी ही मोठी बाई येसूबाईंची कुणीच नव्हती. धावत जाऊन धरावं तर पायाखाली शेवाळ, त्या दचकल्या तर संपलं. काय म्हणावं? कुणाचं ऐकेल ही? तिनं डोळे मिटले आणि मनानं जुन्या वस्तीतल्या पाणवठ्यावर जाऊन उभी राहिली. तिथं बायका कशा ओरडायच्या? कशाला थांबायच्या?

पोटच्या लेकीनं आईला आयुष्यात पहिल्यांदा नावानं हाक मारली.

“आवं येसूबाय! खाली म्हशी उतरल्यात! समदी वाट राडा केलीया. वरनं चला!”

येसूबाई थांबल्या. पाण्यात उभ्या उभ्या त्यांनी मान वळवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता संताप होता.

“कुनाच्या गं? त्या वरल्या आळीच्याच आसतील. मेल्यास्नी दुसरं पानी न्हाई व्हय?”

“त्यांच्याच. या, या इकडनं.”

बडबडत, म्हशींच्या मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत येसूबाई माघारी फिरल्या. आम्रपालीनं हात पुढं केला. तो ओला, बारका, थंडगार हात तिच्या हातात आला, आणि तिला इतका हुंदका फुटला की तो लपवायला तिनं घाईनं कळशी मागून घेतली.

दोघी उतरल्या. पुढं येसूबाई, मागं कळशी घेतलेली लेक. दीपमाला, धनाजी, त्याचे गडी बांधापाशी भेटले. आम्रपालीनं खुणेनं सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं, कारण आई बोलत होती, आणि किती महिन्यांनी अशी मोकळेपणानं बोलत होती.

“तू कुनाची गं?”

“राजारामाची.”

येसूबाई खळखळून हसल्या. “राजारामाला कुठली येवढी घोडी पोर? माजी आमू आजून उंबऱ्यायेवढी हाय. घरी एकटी हाय ती. म्हनून तर बिगीबिगी चाललोय.”

कळशीतलं पाणी आम्रपालीच्या कमरेवर सांडत राहिलं.

घर आलं. येसूबाई सोप्यात आल्या, मेढीला धरून वळल्या, ठेंगण्या दाराशी वाकल्या आणि आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला. मग त्या चौकटीत वळून उभ्या राहिल्या, आणि सोप्यात थांबलेल्या त्या परक्या, ओल्या, दमलेल्या बाईकडं त्यांनी मायेनं पाहिलं.

“कळशी ठेव तिथं. लय उपकार केलंस बाई. आता जा. दिस कलला. तुझी आय वाट बघत आसंल.”

“व्हय, जातो,” आम्रपाली म्हणाली. तिनं मेढीला वळसा घातला, मान खाली घातली, हात कपाळापुढं धरला, आणि आत गेली.